अंशाचे भाग पाडणारा माणूस : जेसी रॅम्सडेन

ओरलला हमखास विचारला जाणारा एक प्रश्न आहे. रेझोल्यूशन आणि अ‍ॅक्युरसी यात फरक काय? आपल्यापैकी निम्मे जण दोन्ही एकच असं सांगून मोकळे होतात आणि उरलेले पाठ केलेली व्याख्या म्हणून दाखवतात. मी पहिल्या निम्म्यात होतो. सरांनी काही न बोलता टेबलाच्या खणातून एक जुनी स्टीलची पट्टी काढून माझ्या हातात दिली. रेघा अर्ध्या मिलिमीटरच्या, अगदी ठसठशीत. पण पट्टीचं शून्याकडचं टोक झिजून जवळजवळ एक मिलिमीटर गायब झालेलं. आता या पट्टीवर कितीही बारीक वाचा, माप चुकणारच. मुकाट्याने खाली मान घालून बाहेर आलो.

पुढे फायनल इयरच्या प्रोजेक्टमध्ये हाच धडा पुन्हा मिळाला. आम्ही चौघांनी फिरत्या टेबलाला ऑप्टिकल एन्कोडर बसवला होता. एन्कोडर म्हणजे काय, तर काचेची एक चकती, तिच्या कडेला बारीक रेघांचा गोल, एका बाजूला एलईडी आणि दुसऱ्या बाजूला प्रकाश टिपणारे डायोड. चकती फिरली की उजेड-अंधार, उजेड-अंधार होतो आणि इलेक्ट्रॉनिक्स ते मोजतं. आमच्या चकतीवर ५००० रेघा होत्या. एकमेकांपासून पाव पावलाने सरकलेले दोन सिग्नल घेतले की एका फेऱ्यात २०,००० काउंट होतात. त्या सिग्नलची दहा पट बारीक वाटणी केली की २,००,०००. म्हणजे एक काउंट साधारण साडेसहा सेकंदांचा. (हे सेकंद घड्याळाचे नव्हेत, कोनाचे. एका अंशात ३६०० सेकंद.) आम्ही हॉस्टेलभर छाती पुढे काढून फिरत होतो.

मग तपासणी झाली. चूक निघाली जवळपास ८० सेकंद, कधी अधिक, कधी उणे. एका फेऱ्यात एकदा वर आणि एकदा खाली, अगदी साइन वेव्हसारखी. कारण अगदी साधं होतं. चकती आम्ही हाताने बसवली होती आणि तिचं केंद्र शाफ्टच्या केंद्रापासून १० मायक्रॉन सरकलं होतं, म्हणजे केसाच्या जाडीच्या सातव्या-आठव्या भागाएवढं. रेघांच्या गोलाची त्रिज्या २५ मिलिमीटर. दहा मायक्रॉन भागिले पंचवीस मिलिमीटर करून सेकंदात बदला, ८२ येतात. साडेसहा सेकंदांचं रेझोल्यूशन आणि ८२ सेकंदांची चूक! झिजलेली पट्टी आठवली.

सरांनी उपाय सांगितला. बरोबर समोर, १८० अंशांवर दुसरं रीडिंग हेड बसवा आणि दोघांची सरासरी घ्या. केंद्र सरकल्यामुळे एका बाजूला जेवढं जास्त वाचलं जातं, तेवढंच समोरच्या बाजूला कमी वाचलं जातं आणि चूक कटते. तसं केलं, चूक बरीच खाली आली. हा उपाय कोणी शोधला म्हणून लायब्ररीत शोधाशोध केली तेव्हा कळलं की एलईडी, डायोड सोडाच, विजेचा दिवासुद्धा नव्हता तेव्हापासून माणसं हे करत आली आहेत. आणि या सगळ्या शोधाशोधीत एक नाव परत परत समोर येत राहिलं. ते नाव म्हणजे जेसी रॅम्सडेन. मेकॅनिकल, इन्स्ट्रुमेंटेशन, सिव्हिल, तिन्ही ब्रँचचा हा पूर्वज. म्हणून त्याची ही गोष्ट.

कापडाच्या गोदामातून वर्कशॉपमध्ये

रॅम्सडेनचा जन्म १७३५ चा, इंग्लंडमध्ये यॉर्कशायरातल्या हॅलिफॅक्सजवळच्या सॉल्टरहेबल या गावचा. वडील खानावळ-सराय चालवायचे. थोडंफार शिक्षण, थोडं गणित, आणि मग त्या भागातल्या रीतीप्रमाणे पोराला कापडाच्या धंद्यात उमेदवारीला लावलं. १७५५ मध्ये तो लंडनला आला तोही एका कापडाच्या गोदामात कारकून म्हणून. तोवर या माणसाचा यंत्रांशी काही संबंध नव्हता.

पण कापड मोजता मोजता त्याला मोजण्याचंच वेड लागलं असावं. विशी ओलांडल्यावर, ज्या वयात बाकीचे कारागीर शिकून मोकळे झालेले असतात त्या वयात, तो मार्क बर्टन नावाच्या उपकरणं बनवणाऱ्या कारागिराकडे पुन्हा उमेदवार म्हणून राहिला. आजच्या भाषेत, नोकरी सोडून परत फर्स्ट इयरला अ‍ॅडमिशन. ब्रँच बदलण्यावरून रात्र रात्र चर्चा करणाऱ्या आपल्या मित्रमंडळींनी हे लक्षात ठेवावं.

शिकला मात्र झपाट्याने. पितळेवर रेघा मारण्यात त्याचा हात इतका बसला की लंडनचे नावाजलेले कारागीर आपली कामं त्याच्याकडे पाठवू लागले. त्यांत डॉलंड हे घराणं होतं. जॉन डॉलंड म्हणजे रंगीत कडा न दाखवणाऱ्या अ‍ॅक्रोमॅटिक भिंगाचं पेटंट घेणारा माणूस. १७६० च्या दशकाच्या मध्यावर रॅम्सडेनने त्याची मुलगी सारा हिच्याशी लग्न केलं आणि हुंड्यात त्या पेटंटचा हिस्सा मिळाला. आधी हेमार्केटमध्ये आणि मग पिकॅडिलीत त्याचं स्वतःचं दुकान उभं राहिलं.

एका रेघेची किंमत

आता त्या काळातली अडचण समजून घेऊ. भर समुद्रात जहाज कुठे आहे हे काढायचं तर रेखांश हवा. तो काढण्याची एक पद्धत अशी होती की चंद्र आणि एखादा तारा यांच्यातला कोन सेक्स्टंटने मोजायचा. चंद्र ताऱ्यांमधून तासाला साधारण अर्धा अंश सरकतो, तर पृथ्वी तासाला १५ अंश फिरते. म्हणजे कोन मोजताना झालेली चूक रेखांशात तीसपट होऊन येते. सेक्स्टंटवर एक मिनिटाची चूक झाली की नकाशावर अर्धा अंश, विषुववृत्तापाशी जवळपास ५५ किलोमीटर. खडकाळ किनाऱ्याजवळ रात्रीच्या वेळी ५५ किलोमीटरची चूक म्हणजे काय हे वेगळं सांगायला नको. रेघ चुकीची पडली तर कागदावर मार्क जात नव्हते, माणसं जात होती.

आणि रेघा मारायच्या कशा? हाताने. कंपास घ्यायचा, वर्तुळाचे भाग पाडायचे, त्या भागांचे अर्धे, त्यांचे पुन्हा अर्धे. जॉन बर्डसारखे उस्ताद हे काम अप्रतिम करायचे. बर्डने आपली पद्धत लिहून द्यावी म्हणून सरकारच्या रेखांश मंडळाने त्याला ५०० पौंड दिले होते. पण बर्ड किती असणार? लंडनमध्ये हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. आणि जहाजं हजारो. उस्तादाच्या हातचं उपकरण वेधशाळेला परवडायचं, साध्या खलाशाला नाही. खलाशाच्या हाती पडायचं ते ढोबळ काम.

रॅम्सडेनला हे कळलं होतं की प्रश्न चांगल्या हाताचा नाही, चांगल्या यंत्राचा आहे. एकदाच, जीव ओतून, एक अचूक चाक बनवायचं आणि मग त्या चाकाची अचूकता इतर हजारो चाकांवर उतरवायची. असा प्रयत्न यॉर्कच्या हेन्री हिंडली या घड्याळजीने आधी केलेला होता, पण तो फारसा पसरला नव्हता. रॅम्सडेनचं पहिलं यंत्र १७६० च्या दशकाच्या अखेरीस तयार झालं. ते त्याचं त्यालाच पसंत पडलं नाही. मग दुसरं करायला घेतलं आणि १७७० च्या दशकाच्या मध्याला ते उभं राहिलं. हेच ते प्रसिद्ध डिव्हायडिंग इंजिन.

२१६० दात

या यंत्राचं हृदय म्हणजे ४५ इंच व्यासाचं एक आडवं चाक. त्याच्या कडेला २१६० दात आणि त्या दातांत अडकलेला एक स्क्रू. हिशोब करून बघा. २१६० भागिले ३६०, म्हणजे एका अंशाला ६ दात. स्क्रू एकदा पूर्ण फिरला की चाक एक दात, म्हणजे १० मिनिटं सरकणार. स्क्रूच्या डोक्यावर ६० भाग, म्हणून एक भाग १० सेकंदांचा. कारागिराने पायाने पेडल दाबायचं, रॅचेटमुळे स्क्रू ठरलेला तेवढाच फिरायचा, आणि वरच्या टोकदार हत्याराने चाकावर ठेवलेल्या सेक्स्टंटवर रेघ ओढायची. पेडल, रेघ. पेडल, रेघ. ज्या कामाला उस्तादाला कितीतरी वेळ लागायचा ते साधा कामगार तासाभराच्या आत उरकू लागला.

पण खरी गंमत पुढे आहे. ते २१६० दात मुळात सारखे पाडले कसे? इथे कॉपी मारायला आधीचं चाक नव्हतं. रॅम्सडेनने वर्तुळाचे आधी ५ भाग केले, प्रत्येकाचे ३, आणि मग चार वेळा अर्धे केले. झाले २४० भाग, प्रत्येकात ९ दात. ही झाली हाताची कमाल, आणि हात चुकतो हे त्याला माहीत होतं. म्हणून त्याने कापणारा स्क्रू चाकाच्या कडेला लावून चाक गोल गोल फिरवलं, एकदा नाही, शेकडो वेळा. स्क्रूचे अनेक आटे एकाच वेळी अनेक दातांत बसतात. एखादा दात थोडा पुढे असेल तर शेजारचे त्याला मागे आणतात, मागे असेल तर पुढे नेतात. फेऱ्यामागून फेऱ्या होत गेल्या तसे दात एकमेकांच्या चुका वाटून घेत सारखे होत गेले.

आपल्या एन्कोडरचं रीडिंग हेड हेच करतं. ते एकच रेघ बघत नाही, एका वेळी कितीतरी रेघांवर नजर ठेवतं, म्हणजे एखादी रेघ वाकडी पडली तरी सरासरीत ती बुडून जाते. फरक इतकाच की रॅम्सडेनने सरासरी पितळात कोरली, आपण ती प्रकाशात काढतो.

आकाराचाही अंदाज घ्या. ४५ इंची चाकावर एक दात साधारण १.६६ मिलिमीटरचा आणि एक सेकंद म्हणजे कडेवर पावणेतीन मायक्रॉन. हे सगळं तेलाच्या दिव्यात, पायाच्या पेडलवर, विजेची मोटर नसताना!

रेखांश मंडळाने या यंत्रासाठी त्याला एकूण ६१५ पौंड दिले. त्यांतले ३०० शोधाबद्दल आणि ३१५ यंत्राची मालकी मंडळाकडे देण्याबद्दल. पण अटी होत्या. यंत्राचं संपूर्ण वर्णन आकृत्यांसह छापायचं, ठरलेल्या दोन वर्षांत इतर कारागिरांना, जास्तीत जास्त दहा जणांना, ते बनवायला आणि वापरायला शिकवायचं, आणि इतरांची उपकरणं ठरलेल्या दराने रेखाटून द्यायची, सेक्स्टंटला ६ शिलिंग, ऑक्टंटला ३. वर्णनाचं पुस्तक १७७७ मध्ये निघालं. १७७८ मध्येच जॉन ट्रॉटनने तसं यंत्र उभं केलं. ज्या ज्ञानावर रॅम्सडेन एकट्याने पैसे कमावू शकला असता ते बाजारात खुलं झालं, आणि छोटे, स्वस्त, तरीही अचूक सेक्स्टंट साध्या खलाशाच्या हाती आले.

सबमिशनचा शत्रू

इथपर्यंत वाचून तुम्हाला वाटेल, काय आदर्श माणूस! थांबा. रॅम्सडेनचं काम वेळेवर मिळालं असं सांगणारं गिऱ्हाईक सापडणं कठीण. अशी गोष्ट सांगतात की राजाने एक उपकरण ठरावीक दिवशी हवं म्हणून बजावलं होतं. रॅम्सडेन ते घेऊन अगदी त्याच तारखेला हजर झाला. फक्त वर्ष पुढचं होतं.

हसू येतं खरं, पण समोरच्याला यायचं नाही. जनरल विल्यम रॉय यांच्यावर ग्रिनिच आणि पॅरिस या वेधशाळा त्रिकोणांच्या साखळीने जोडण्याची जबाबदारी होती. १७८४ मध्ये हाउन्स्लो हीथवर पायारेषा मोजून झाली. पुढचे कोन मोजायला रॅम्सडेनचा तीन फुटी वर्तुळाचा मोठा थिओडोलाइट हवा होता. तो मिळाला १७८७ मध्ये. तीन वर्षं सगळं काम खोळंबलं. रॉय यांनी रॉयल सोसायटीसमोर मांडलेल्या अहवालात या दिरंगाईबद्दल उघड नाराजी नोंदवली. रॅम्सडेनला ते फार लागलं आणि त्याने सोसायटीकडे त्याविरुद्ध तक्रार केली. वाद मिटायच्या आतच १७९० मध्ये रॉय वारले. चूक कोणाची? माझ्या मते रॉय यांची तक्रार रास्तच होती. पण त्यांच्या हातात शेवटी जे पडलं त्याने शंभर-सव्वाशे किलोमीटर लांबचे कोन दोन-तीन सेकंदांच्या आत मोजता येत होते, हेही तितकंच खरं.

आयर्लंडमधल्या डनसिंक वेधशाळेची कथा अधिक करुण आहे. त्यांनी १७८० च्या दशकात मोठ्या वर्तुळाची ऑर्डर दिली. रॅम्सडेनने १० फुटी वर्तुळ करायला घेतलं, पसंत पडलं नाही. मग ९ फुटी, तेही नापसंत. शेवटी ८ फुटी. पहिले वेधशाळाप्रमुख हेन्री अशर ते न बघताच १७९० मध्ये गेले. उपकरण पोहोचलं १८०८ मध्ये, तेव्हा रॅम्सडेनही हयात नव्हता. त्याच्या हाताखालच्या बर्जने ते पूर्ण केलं.

आळशी होता का? मुळीच नाही. दुकानात ४० च्या वर कामगार राबत होते, सेक्स्टंटची संख्या हजाराच्या घरात गेली होती. उतारवयात तो फ्रेंच शिकला. दुखणं वेगळंच होतं. हातातलं काम संपत आलं की त्याला त्याहून चांगली युक्ती सुचायची आणि झालेलं काम तो बाजूला ठेवायचा. प्रोजेक्टच्या आदल्या रात्री सगळा कोड पुसून नव्याने लिहायला बसणारा एक तरी मित्र प्रत्येक विंगमध्ये असतो. तसाच.

पालेर्मोचं वर्तुळ

या माणसाकडून काम कसं काढायचं हे एकाच गिऱ्हाइकाला नीट जमलं. सिसिलीतल्या पालेर्मो वेधशाळेसाठी ज्युसेप्पे पियाझ्झी नावाचे धर्मगुरू-खगोलशास्त्रज्ञ लंडनला आले आणि ठाण मांडून बसले. रॅम्सडेनला रोज भेटायचं, कामात रस घ्यायचा, त्याचा मित्र व्हायचं. १७८९ च्या ऑगस्टमध्ये पाच फुटी वर्तुळ हाती घेऊनच ते निघाले.

या वर्तुळात रॅम्सडेनच्या विचाराचं सार आहे. तोवर वेधशाळांमध्ये वर्तुळाचा चौथा भाग, म्हणजे क्वाड्रंट, वापरायचे. पाव वर्तुळाला समोरची बाजूच नसते, त्यामुळे केंद्र सरकलंय की नाही हे उपकरण स्वतः सांगू शकत नाही. रॅम्सडेनने पूर्ण वर्तुळाचा आग्रह धरला आणि समोरासमोर मायक्रोमीटर लावलेले सूक्ष्मदर्शक बसवले. दोन रेघांमधली जागा मायक्रोमीटरच्या स्क्रूने वाचायची, हे झालं रेझोल्यूशन. दोन्ही बाजूंची सरासरी घ्यायची, ही झाली अ‍ॅक्युरसी. आमच्या प्रोजेक्टमधलं इंटरपोलेशन आणि दुसरं रीडिंग हेड, दोन्ही इथे पितळात हजर!

एक सावधगिरी मात्र सांगायला हवी, कारण ओरलला पुढचा प्रश्न तोच येतो. समोरासमोरची दोन हेड सगळ्या चुका घालवत नाहीत. एका फेऱ्यात एकदा, तीनदा, पाचदा अशी विषम वेळा येणारी चूक कटते. चकती लंबगोल झाली असेल तर चूक फेऱ्यात दोनदा येते आणि ती तशीच राहते. तिच्यासाठी आणखी हेड लागतात.

रॅम्सडेनला १७८६ मध्ये रॉयल सोसायटीचं सभासदत्व मिळालं आणि १७९५ मध्ये कोपली पदक. कापडाच्या गोदामातल्या कारकुनाला! ५ नोव्हेंबर १८०० रोजी ब्रायटनला त्याचं निधन झालं. त्यानंतर दोन महिन्यांच्या आत, १ जानेवारी १८०१ च्या रात्री, पियाझ्झींना त्याच वर्तुळावर वाचन घेताना एक तारा दिसला, जो पुढच्या रात्री जागेवरून किंचित सरकला होता. तो सीरिस निघाला, मंगळ आणि गुरू यांच्यामधला पहिला सापडलेला लघुग्रह. इतकं सरकणं उपकरणाच्या चुकीत बुडून गेलं नाही, याचं श्रेय त्या वर्तुळालाही आहे.

हिंगणघाटपर्यंत

ही गोष्ट आपल्यापासून लांबची वाटत असेल तर एक धागा सांगतो. चीनच्या बादशहाच्या दरबारात भेट म्हणून नेलेली आणि तिथे नको झालेली काही इंग्रज उपकरणं पुढे हिंदुस्थानात आली. त्यांत रॅम्सडेनची स्टीलची साखळी आणि झेनिथ सेक्टर होता. विल्यम लॅम्ब्टन यांनी ती मिळवली आणि १८०२ मध्ये मद्रासजवळ पायारेषा मोजून ज्या कामाला सुरुवात केली, ते म्हणजे भारताचं महान त्रिकोणमितीय सर्वेक्षण. त्यांचा अर्ध्या टनाचा थिओडोलाइट विल्यम कॅरीने बनवलेला होता, आणि कॅरी हा रॅम्सडेनच्याच हाताखाली शिकलेला. १८०८ मध्ये तंजावरला देवळाच्या गोपुरावर चढवताना दोर तुटला आणि थिओडोलाइटचं वर्तुळ पिचलं. लॅम्ब्टन यांनी तंबूत बसून, कित्येक आठवडे खपून, ते हाताने पूर्ववत केलं. उत्तरेकडे मोजत मोजत ते आपल्या विदर्भापर्यंत आले आणि १८२३ मध्ये वर्धा जिल्ह्यातल्या हिंगणघाटला वारले. त्यांची कबर तिथेच आहे. विदर्भातल्या मित्रांनी सुट्टीत घरी जाताना जरूर बघावी.

रॅम्सडेनचं ते ४५ इंची यंत्र अमेरिकेत स्मिथसोनियन संग्रहालयाकडे आहे. त्याने जे शिकवलं ते मात्र आपल्या लॅबमधल्या प्रत्येक एन्कोडरमध्ये आहे. रेघा वाढवल्या, इंटरपोलेशन वाढवलं की आकडे लांब होतात, खरे होत नाहीत. खरं व्हायचं असेल तर आधी आपली चूक कुठे आहे ते शोधावं लागतं, समोरच्या बाजूने वाचून बघावं लागतं.

आमच्या प्रोजेक्टच्या रिपोर्टमध्ये आम्ही शेवटी साडेसहा सेकंद हा आकडा रेझोल्यूशनच्या रकान्यात लिहिला आणि अ‍ॅक्युरसीच्या रकान्यात तपासणीत निघालेली चूक, जशीच्या तशी. आकडा काही फार शोभणारा नव्हता. पण खरा होता. आणि हो, सबमिशन वेळेवर केलं. तेवढ्यापुरता रॅम्सडेन आम्ही बाजूला ठेवला.